वायआरबीएसचं सॅम्पल: चिठ्ठ्या पोरांच्या नाही, वर्गांच्या टाकतात

प्रश्न असा आहे की अमेरिकेत नववी ते बारावीची दीड कोटीच्या वर पोरं, मग सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या वायआरबीएसमध्ये, म्हणजे शाळकरी पोरांच्या आरोग्याला धोका असणाऱ्या सवयींच्या सर्वेक्षणात, २०२१ला १७,२३२ जणांवरून अख्ख्या देशाचं कसं बोलतात, आणि सरळ सगळ्यांची यादी काढून चिठ्ठ्या का टाकत नाहीत.

अहो, पोरांची अशी देशभराची यादी मिळतेय कुठे! शाळांची मिळते. म्हणून वरून खाली उतरायचं, आधी काउंट्या (लहान असतील तर शेजारच्या दोन-चार मिळून एक, फारच मोठी असेल तर तिचा तुकडा), त्यातल्या शाळा, सरकारी आणि खाजगी दोन्ही, आणि शाळेत गेल्यावर प्रत्येक इयत्तेचे एक-दोन अख्खे वर्ग. तिथे आपल्यासारखी नववी ब अशी ठरलेली तुकडी नसते, पोरं तासातासाला वर्ग बदलतात, म्हणून वर्ग घ्यायचा तो इंग्लिशसारख्या सक्तीच्या विषयाचा किंवा सगळ्यांना असणाऱ्या एखाद्या तासाचा. बँडचा वर्ग उचललात तर बँडवालीच येणार ना.

आता मोठ्या शाळेवर अन्याय होत नाही का? नाही, कारण शाळा पटाच्या प्रमाणात निवडतात. समजा एकीचा पट २०००, दुसरीचा ४००, म्हणजे पहिली निवडली जायची शक्यता पाचपट. पण २५-२५चे वर्ग धरले तर पहिलीत ८० वर्ग, दुसरीत १६, त्यातला एक उचलायचा, म्हणजे आत गेल्यावर पोराची शक्यता पाचपट कमी. झाली फिट्टंफाट. उरलेली ओढाताण, म्हणजे न आलेली पोरं, मुद्दाम जास्त घेतलेले गट वगैरे, वेटमध्ये, म्हणजे प्रत्येक पोराच्या उत्तराला दिलेल्या वजनात सांभाळतात.

खरी गोची पुढे आहे आणि मी स्वतः तिथे आपटलोय. पहिल्यांदा हा डेटा हातात आला तेव्हा साधी ची-स्क्वेअर चाचणी लावली (गटांतला फरक नुसता योगायोग आहे का ते बघणारी), जे बघावं ते सिग्निफिकंट, म्हणजे योगायोग नाही, मी खूश! सिनियरने एकच विचारलं, एका बाकावरची दोन पोरं व्हेप करत असतील तर ती दोन वेगळी माहिती आहे का? एका वर्गातली पोरं एकमेकांसारखी वागतात. सारखेपणा (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे सगळी एकसारखी) नुसता ०.०४ धरा, वर्गात २५ पोरं, तर डिझाइन इफेक्ट, म्हणजे अख्खे वर्ग घेतल्याने अंदाजाचं व्हेरियन्स किती पट वाढतं ते, १ + २४ × ०.०४ = १.९६, म्हणजे हजार पोरं मोजलीत तरी चिठ्ठ्या टाकून काढलेल्या पाचशेइतकीच त्यांची किंमत. म्हणून फाइलमधले वेट, स्ट्रॅटम (निवडीआधी पाडलेले गट), पीएसयू (पहिल्या पायरीला निवडलेल्या काउंट्या) हे तिन्ही कॉलम डिझाइनमध्ये, म्हणजे सॅम्पल कसं काढलं ते सॉफ्टवेअरला सांगताना टाका, आणि फक्त मुलींचं बघायचं असेल तर मुलांच्या ओळी आधी उडवू नका, डिझाइन बनवा आणि मग त्यातून मुलींचा सबसेट काढा.

अजून एक, राज्यांचे वायआरबीएस वेगळे असतात, त्यांची बेरीज करून राष्ट्रीय आकडा येत नाही, ते सॅम्पलच निराळं. आणि शाळा सोडलेली पोरं यात नाहीतच.

मला खटकतं ते मात्र वेगळंच. २०१९ला निवडलेल्या शाळांपैकी ७५.१ टक्के तयार झाल्या, २०२३ला ४९.८. त्या २०२३लाच पोरांचा प्रतिसाद ७१ टक्के, दोन्हींचा गुणाकार केला की एकूण ३५.४. नाही म्हणणाऱ्या शाळा बाकीच्यांसारख्याच असतील तर वेट भागवून नेईल, नसतील तर नाही, आणि ते डेटाच्या आतून कळत नाही. तुम्ही २०१९ आणि २०२३ शेजारी ठेवून ट्रेंड लिहिणार असाल तर हे आकडे तळटीपेत ढकलू नका, टेबलाच्या वरच द्या.