बेल्ट परीक्षा : वाचकांचे प्रश्न, प्रशिक्षकांची उत्तरं

उन्हाळी बॅच संपली की पहिली बेल्ट परीक्षा येते आणि तिच्यामागून पत्रं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं कराटे, जुदो आणि तायक्वांदोच्या परीक्षा घेणाऱ्या प्रशिक्षकांची आहेत.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची आहे. घराजवळच्या कराटे क्लासमध्ये ‘दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट’ असं सांगतात. दुसऱ्या क्लासचे सर म्हणतात, चार वर्षांच्या आत विचारूच नका. कोणाचं खरं मानायचं? (एक पालक, विश्रामबाग, सांगली)

आधी हिशोब करू. क्यू म्हणजे काळ्या पट्ट्याच्या आधीची पायरी. शोतोकान कराटेत साधारणपणे १०वी क्यू म्हणजे पांढरा पट्टा. तिथून आकडा उतरत १ल्या क्यूपर्यंत येतो आणि पुढे शोदान, म्हणजे पहिला काळा पट्टा. सुरुवातीला दोन परीक्षांत किमान तीन महिने आणि ब्राऊनपासून पुढे सहा महिने, एवढं अंतर नेटाने शिकवणारे क्लास ठेवतात. ९वी ते ४थी क्यू या सहा परीक्षांचे १८ महिने. ३री, २री, १ली क्यू आणि शोदान या चार परीक्षांचे २४. झाले ४२ महिने, तेही एकदाही नापास न होता. शाळेची सहामाही, गणपती, दिवाळी आणि मधलं एखादं आजारपण धरलं तर चार वर्षं होतातच. दोन वर्षांत बसवायचं तर एकेका परीक्षेत दोन-दोन क्यू द्याव्या लागतात, नाहीतर दर दोन-अडीच महिन्यांनी परीक्षा घ्यावी लागते. फी अर्थातच दर वेळी.

दुसरा मुद्दा वयाचा. तायक्वांदोची सोलची कुक्कीवॉन ही संस्था १५ वर्षांखालच्या मुलांना ‘दान’ (काळ्या पट्ट्याची पायरी) देतच नाही, ‘पूम’ ही मुलांची पायरी देते, आणि त्यांचा पट्टा अर्धा लाल अर्धा काळा असतो. जुदोच्या कोदोकान या मूळ संस्थेत शोदानसाठी वय १४ लागतं, आयकिदोच्या आयकिकाईत १५. ब्राझिलियन जुजुत्सूत तर १६ वर्षांखाली निळा पट्टाही नाही आणि काळ्यासाठी किमान १९. त्यामुळे दहाव्या वर्षी काळा पट्टा मिळालाच, तर तो त्या क्लासपुरता समजावा.

प्रवेश घेण्याआधी छापील अभ्यासक्रम मागा : कोणत्या क्यूला कोणता काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम), किती महिने, किती हजेरी. परीक्षा कोण घेणार आणि प्रमाणपत्रावर कोणत्या संघटनेचं नाव येणार, हेही विचारा. मुलं नापास होतात का, असाही प्रश्न टाका. ‘आमच्याकडे कधीच कोणी नापास होत नाही’ असं उत्तर आलं, तर तिथे परीक्षा होतच नाही असं समजायला हरकत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीतल्या दोन मुलांपैकी एकाचा निळा पट्टा पिवळ्याच्या आधीचा, दुसऱ्याचा हिरव्यानंतरचा. हे रंग ठरवले कोणी? (एक वाचक, सातारा)

एकच कोणी नाही, म्हणून तर हा घोळ. जुदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२मध्ये तोक्योत कोदोकान काढलं आणि पुढच्याच वर्षी दोन शिष्यांना पहिला दान दिला. कराटेने ही पद्धत जुदोकडून उचलली. शोतोकानचे जनक फुनाकोशी गिचिन यांनी पहिले दान १९२४मध्ये दिले. मधले रंगीबेरंगी पट्टे मात्र १९२०-३०च्या दशकांत युरोपातल्या जुदो क्लबांत रुळले. नंतर प्रत्येक संघटनेने आपापला क्रम लावला. क्योकुशिन कराटेत पांढरा, केशरी, निळा, पिवळा, हिरवा, ब्राऊन, काळा असा क्रम चालतो. तायक्वांदोत पांढरा, पिवळा, हिरवा, निळा, लाल, काळा. मुलांची तुलना करायचीच असेल तर रंग सोडा, क्यू किंवा गूपचा (तायक्वांदोतल्या क्यूचा) आकडा विचारा. तीही तुलना शैलीच्या आतच धरावी.

प्रश्न : मुलगा ८व्या क्यूच्या परीक्षेत नापास झाला. काता हेइआन शोदान, घरी तर बिनचूक करतो. सरांनी फक्त ‘स्टान्स आणि फिनिशिंग’ एवढंच सांगितलं. नेमकं काय सुधारायचं? (एक आई, वाई)

या वयात हे नेहमी होतं. घरी क्रम बिनचूक असतो, पण क्रम पाठ आहे हे परीक्षक गृहीतच धरतो. हेइआन शोदानमध्ये (इथे ‘शोदान’ म्हणजे मालिकेतला पहिला, काळा पट्टा नव्हे) २१ हालचाली आहेत, ९व्या आणि १७व्या हालचालीवर किआई (ओरड), आणि काता जिथून सुरू झाला तिथेच संपला पाहिजे. ही शेवटची अट म्हणजे घरच्या घरी घेता येणारी परीक्षा. गच्चीवर खडूने दोन पावलांची खूण करा, काता करायला सांगा आणि मुलगा कुठे थांबतो ते बघा.

खुणेच्या पुढे किंवा मागे थांबत असेल, तर सरळ रेषेतल्या दोन धावा असमान आहेत. जाताना तीन आगे-उके (वरचा ब्लॉक), येताना तीन ओई-झुकी (पाऊल टाकून पंच). ब्लॉक करताना मुलं पाऊल आखूड टाकतात आणि पंच मारताना जोशात लांब. झेनकुत्सु-दाचीची, म्हणजे पुढे वजन देऊन उभं राहण्याच्या स्टान्सची, लांबी दोन्हीकडे तीच हवी, पुढच्या पायावर साधारण ६० टक्के वजन, आणि दोन पावलांत खांद्याएवढी रुंदी. रुंदी राहिली नाही की मुलगा दोरीवर चालल्यासारखा डोलतो, आणि ‘स्टान्स’ हा शेरा बहुतेक वेळा त्यामुळेच येतो.

खुणेच्या डावी-उजवीकडे थांबत असेल, तर २७० अंशांची दोन वळणं तपासा : एक ९व्या हालचालीनंतर, दुसरं १७वीनंतर. मागचा पाय आधी पूर्ण ओलांडून योग्य रेषेत टाकायचा आणि मग कंबर फिरवायची. मुलं उलट करतात, अंग आधी फिरवतात आणि पाय जिथे पडेल तिथे पडतो. वळण्याआधी नजर नव्या दिशेला गेली पाहिजे. मान न वळवता फिरणाऱ्या मुलाचे गुण परीक्षक तिथेच कापतो.

चौथी हालचाल वेगळी बघा. उजवा गेदान-बाराई (खालचा ब्लॉक) झाल्यावर पुढचा पाय मागे ओढून, हात वर्तुळात आणून हातोडीचा ठोसा मारायचा असतो. पाय न ओढता नुसता हात फिरवला तर ती हालचाल झालीच नाही असं धरतात. या वयात सगळ्यात जास्त गाळली जाणारी हालचाल हीच.

आता ‘फिनिशिंग’. शेवटच्या चार हालचाली शुतो-उके (उघड्या हाताच्या कडेने ब्लॉक), त्या कोकुत्सु-दाची या स्टान्समध्ये. इथे वजन उलटं, ७० टक्के मागच्या पायावर. सतरा हालचाली पुढे झुकून केल्यावर मुलाला हा बदल जमत नाही, आणि मागचा गुडघा आत पडतो. सोपी चाचणी : कोकुत्सु-दाचीत उभं असताना पुढचा पाय अंग न हलवता अलगद उचलता आला पाहिजे. नाही आला तर वजन पुढेच आहे. शेवटची हालचाल झाल्यावर लगेच पाय गोळा करू नये. परीक्षक ‘यामे’ (थांबा) म्हणेपर्यंत थांबायचं, नजर समोर.

रोज दहा मिनिटं पुरेत. पूर्ण काता दोनदाच, बाकी वेळ फक्त ६ ते ९ आणि १४ ते १७ हे तुकडे, तेही सावकाश, तुम्ही आकडे म्हणत. कुमितेकडेही, म्हणजे जोडीने लढण्याच्या सरावाकडेही, लक्ष असू द्या. पाच पावलांच्या गोहोन कुमितेत हल्ला करणारा लांबून पंच मारतो, तो पोचतच नाही, आणि समोरच्याचा ब्लॉक मग नुसता दिखाऊ होतो. त्यात दोघांचेही गुण जातात.

प्रश्न : वडिलांची बदली साताऱ्याहून मिरजेला झाली. मी शोतोकानची ५वी क्यू आहे, इथे जवळ फक्त गोजू-र्यू आणि शितो-र्यू या शैलींचे क्लास आहेत. माझा बेल्ट चालेल का? (आठवीतली विद्यार्थिनी, मिरज)

बेल्ट चालवायचा की नाही, हे नवे सर ठरवणार. पण तुला कुठे कमी पुन्हा शिकावं लागेल ते सांगता येतं. शितो-र्यू तुला जवळचं वाटेल, कारण तुझे हेइआन तिथे ‘पिनान’ या नावाने आहेत. फक्त एक गंमत लक्षात ठेव : फुनाकोशींनी पहिल्या दोनांची अदलाबदल केली. तुझा हेइआन शोदान म्हणजे तिथला पिनान निदान, आणि तुझा हेइआन निदान म्हणजे तिथला पिनान शोदान. सरांनी ‘पिनान शोदान कर’ म्हटलं आणि तू सवयीने २१ हालचालींचा काता सुरू केलास, तर पहिल्याच दिवशी फजिती. पावलंही तुझ्यापेक्षा आखूड आणि उंच असतील.

गोजू-र्यूत मात्र जवळपास सगळं नवं. गेकिसाई, साईफा हे काता, आणि आखूड, आत वळलेल्या पावलांवरचा सांचिन, श्वासासकट. तिथे पांढऱ्या पट्ट्याने सुरुवात करायला सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. बरेच सर पट्टा तोच ठेवू देतात, पण पुढची परीक्षा त्या पट्ट्यापर्यंतचे सगळे काता आल्याशिवाय देऊ देत नाहीत. जुनी प्रमाणपत्रं आणि परीक्षेची नोंदवही जाताना घेऊन जा.

प्रश्न : चार वर्षं तालमीत आहे, आता कॉलेजात जुदो सुरू केलंय. कुस्ती येते म्हणून बेल्ट लवकर मिळतील का? (एक पैलवान, कवठेपिरान)

काही बाबतीत लवकर, काही बाबतीत उलट. ताकद, तोल आणि खाली दाबून धरणं तुमच्याकडे आहे. जुदोत पाठीवर धरून २० सेकंद ठेवलं की इप्पोन, म्हणजे पूर्ण गुण आणि लढत जिंकली, ते तुम्हाला जड जाणार नाही. पण पहिल्या परीक्षेत आधी बघतात उकेमी, म्हणजे पडणं. चीत होऊ नये म्हणून पैलवान हवेतच अंग वळवतो आणि हात टेकवतो. जुदोत याच सवयीने कोपर निखळतं. हनुवटी छातीकडे, नजर पट्ट्याच्या गाठीवर, आणि हात अंगापासून साधारण ३० ते ४५ अंशांवर सपाट आपटायचा. पहिला महिना यावरच घालवा.

दुसरी अडचण पटाची, म्हणजे पाय धरून पाडण्याची. एकेरी पट, दुहेरी पट मारायला हात आपोआप खाली जातात. आंतरराष्ट्रीय नियमांत २०१०पासून पायाला हात लावण्यावर बंधनं आली आणि २०१३पासून उभ्या लढतीत ते पूर्ण बंद झालं. वाकून उभं राहिलात तरी दंड. आणि डोक्यावर ब्रिज करून पाठ वाचवणं, कुस्तीत ज्याचं कौतुक होतं, ते जुदोत इप्पोन गेलं असं धरलं जातं.

अभ्यासक्रमाचं म्हणाल तर गोक्योच्या (जुदोतल्या फेकांच्या यादीच्या) पहिल्या गटातले आठ फेक नावानिशी पाठ करा : देआशी-हाराई, हिझा-गुरुमा, सासाए-त्सुरिकोमी-आशी, उकी-गोशी, ओसोतो-गारी, ओ-गोशी, ओउची-गारी, सेओई-नागे. परीक्षक जपानी नाव पुकारतो आणि तुम्ही तोच फेक करायचा असतो. डाव उत्तम येऊनही पैलवान इथेच अडकतात. काळ्या पट्ट्यासाठी नागे-नो-काता (फेकांचा काता) लागतो. पूर्ण कातात पाच गटांत पंधरा फेक, प्रत्येक उजवीकडून आणि डावीकडून. शोदानला सहसा पहिले तीन गट घेतात. त्यातल्या पहिल्याच गटात काता-गुरुमा आहे, आणि तो बघून तुम्हाला आपली कलाजंग आठवेल. पाय धरून करायला लढतीत बंदी असलेला हा डाव परीक्षेत करून दाखवावा लागतो, तोही डाव्या खांद्यावरून. तालमीत डावी बाजू कोण घोटतं?

प्रश्न : तायक्वांदोच्या परीक्षेत फळी फुटली नाही. मुलाच्या किकमध्ये जोर आहे, तरी तीनदा आपटून पाय सुजला. (एक पालक, कोरेगाव)

फळी कसली होती? सुताराकडून प्लायवूडचा तुकडा आणला असेल तर ती फुटणारच नव्हती. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, चीर जायला रेषाच नसते. एकसंध, मऊ, बिनगाठीचं पाइन लागतं. मुलांसाठी जाडी एक सेंटिमीटरच्या आसपास, मोठ्यांसाठी दोन. पावसाळ्यात फळी घरात चार दिवस कोरडी ठेवा. ओलसर लाकूड तडकत नाही, वाकतं.

फळी रेषांच्या दिशेने चिरते, म्हणून धरणाऱ्याचे हात रेषांना समांतर असलेल्या दोन कडांवर हवेत. रेषा उभ्या असतील तर डावी-उजवी कड धरायची, आडव्या असतील तर वरची-खालची. उलट कडा धरल्या तर प्रशिक्षकालाही फुटायची नाही. साइड किकला पायाची कड रेषांच्या दिशेनेच लागली पाहिजे. धरणारे दोघे असावेत, कोपरं ताठ. किक बसताना हात मागे गेले की सगळा जोर त्यातच जिरतो. मुलाला फळीवर नाही, फळीच्या वीतभर मागे मारायला शिकवा. आणि दुसऱ्यांदा फुटली नाही की थांबवायचं, तिसरा प्रयत्न सुजेसाठीच असतो.

प्रश्न : ब्लॅक बेल्टवर दहावीला वाढीव गुण मिळतात का? (इस्लामपूर, तासगाव आणि फलटणहून तीन पत्रं)

नाही. क्रीडा सवलतीचे गुण मान्यताप्राप्त स्पर्धांतल्या सहभागावर आणि कामगिरीवर मिळतात, बेल्टच्या प्रमाणपत्रावर नाही. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत होतात, प्रवेशिका शाळेमार्फत जाते. सध्याची अट आणि प्रस्तावाची मुदत शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडून किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून सत्र सुरू होतानाच विचारून घ्या. मार्चमध्ये धावाधाव करून उपयोग नसतो.

प्रश्न : बेल्ट कोणत्या मापाचा घ्यावा? मुलीचा सारखा सुटतो. (एक वाचक, कराड)

किट घालून कमरेचा घेर मोजा, दुप्पट करा, त्यात ८० ते ९० सेंटिमीटर मिळवा. ६० सेंटिमीटर घेर असेल तर दोन मीटर ते दोन मीटर दहा. गाठीनंतर दोन्ही टोकं २० ते ३० सेंटिमीटर लोंबली पाहिजेत आणि सारखी. सुटतो तो बहुधा सॅटिनचा असतो, सुती घ्या. गाठ मारताना वरचं टोक दोन्ही वेढ्यांच्या खालून काढायचं. एकाच वेढ्याखालून काढलं तर दहा मिनिटांत ढिला होतो. नवा रंगीत बेल्ट पांढऱ्या किटबरोबर भिजवू नका, किट गुलाबी झालं की परीक्षेच्या आदल्या रात्री दुसरं मिळत नाही.