बाहुली आधी की अंगण आधी?

ह्या महिन्यात आलेल्या पत्रांतली निम्मी एकाच गोष्टीभोवती फिरतायत. कॅरेक्टर अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर शिकावं की एआरचं, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यातून बघितलं की टेबलावर पात्र उभं दिसतं ते. म्हणून ह्यावेळी सगळी जागा त्यालाच.

प्रश्न : मी कुडाळ तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. चित्रकथीच्या (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची लोककला) धर्तीवर पात्रं काढून मुलांसाठी छोट्या गोष्टी करायच्यात. भाचा म्हणतो, मावशी आता एआर कर, पानावर फोन धरला की पात्र उठून उभं राहिलं पाहिजे. लॅपटॉप 8 जीबी रॅमचा आहे आणि वेळ मिळतो रात्रीचा एक तास. सुरुवात कशापासून करू?

ताई, पिंगुळी तुमच्या शेजारीच आहे तर उदाहरण तिथलंच घेते. तिथले ठाकर कलाकार कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करतात त्यात कामं दोन असतात. एक म्हणजे बाहुली घडवणं, सांधा कुठे, दोरा कुठल्या सांध्याला, मान किती वळणार. दुसरं म्हणजे अंगणात खेळ मांडणं, पडदा कुठे, उजेड कुठून, माणसं कुठे बसणार. अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर पहिलं काम करतं आणि एआरचं दुसरं. युनिटी (एआर आणि गेम बनवायचं सॉफ्टवेअर) उघडून बसलात तर तिथे तुमची बाहुली आयती मिळणार नाही, ती तुम्हालाच न्यावी लागते. त्यामुळे हे की ते असं नाहीच मुळी, आधी कुठलं एवढाच प्रश्न आहे आणि माझं उत्तर ठाम आहे, आधी बाहुली.

कारण एआरचे मंच उठून जातात. मेटाचं स्पार्क, म्हणजे इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणी एआर फिल्टर करायचं साधन, 14 जानेवारी 2025 ला बंद झालं आणि बाहेरच्या लोकांनी इन्स्टाग्रामसाठी केलेले फिल्टर एका दिवसात गेले, कित्येकांची वर्षांची मेहनत होती ती, मला अजून वाईट वाटतं. पण ज्यांनी पात्र ब्लेंडरमध्ये (थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर) बनवून मूळ फाइल जपली होती त्यांचं पात्र राहिलं, तीच फाइल जीएलबी ह्या थ्रीडी फाइलच्या प्रकारात काढली की दुसऱ्या मंचावर उभी करता येते. आणि ब्लेंडर तर फुकट आहेच, 2002 मध्ये लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून ते कंपनीच्या हातून सोडवून घेतलं आणि तेव्हापासून ते सगळ्यांचं आहे.

चित्रकथीतलं पात्र सपाट असतं ही तुमची जमेची बाजू, मातीच्या मूर्तीसारखं चहूबाजूंनी घडवत बसायची गरज नाही. क्रिटामध्ये चित्र रंगवा (तेही फुकट), डोकं, धड, दंड, कोपरापुढचा हात वेगवेगळ्या पारदर्शक पीएनजी करा, ब्लेंडरमध्ये त्यांच्या सपाट पाट्या आणून हाडं (पात्र ज्यांनी हलतं ते आतले दांडे) जोडा. ह्यात दोन ठिकाणी सगळे अडकतात ते आत्ताच सांगते. कोपराशी दोन्ही तुकडे गोल ठेवा आणि एकमेकांखाली जरा जास्तच काढा, नाहीतर हात वाकवला की सांध्यात फट दिसते. दुसरं म्हणजे दंडाची पाटी आणि धडाची पाटी अगदी एका पातळीत ठेवू नका, दोघींत दोनेक मिलिमीटर अंतर हवं. एका पातळीत असल्या तर कुठली पुढे हे फोनला ठरवता येत नाही आणि हातावर सतत चकचक होत राहते, मी ह्यापायी एक अख्खा रविवार घालवलाय. ह्या कामाला 8 जीबी पुरतात.

आता भाच्याचं म्हणणं. ताई, वर्गात मुलं किती आणि फोन किती? तीस मुलं आणि एक तुमचा फोन असेल तर एआर म्हणजे एकाने बघायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या खांद्यावरून डोकवायचं. तीच गोष्ट व्हिडिओ करून टीव्हीवर लावली तर तिसांनाही दिसेल. म्हणून गोष्टी व्हिडिओत करा आणि एखादंच पान एआरसाठी ठेवा, जिथे मुलानं स्वतः फिरून बघण्यात काहीतरी मिळेल, म्हणजे बाहुलीच्या मागे जाऊन दोरे कुठे बांधलेत ते बघणं. त्यासाठी माइंडएआर बघा, मुक्त आहे, ब्राउझरमध्ये चालतं, पालकांना अ‍ॅप टाकायला सांगावं लागत नाही आणि गुगलचं एआरकोअर (अँड्रॉइड फोनवर एआर चालवणारी सोय) नसलेल्या फोनवरसुद्धा चित्र ओळखतं.

प्रश्न : मराठी संवादावर पात्राचे ओठ जुळतच नाहीत. सॉफ्टवेअर इंग्रजीसाठी असतं म्हणून का?

बऱ्याच अंशी हो. ऱ्हुबार्ब नावाचं फुकट साधन वापरून बघा, आवाजाची फाइल दिली की कुठल्या क्षणी तोंडाचा कुठला आकार ते काढून देतं, मूळ आकार सहाच आहेत त्यामुळे तोंडंही सहाच काढावी लागतात. पण ते आपणहून इंग्रजी शब्द शोधायला जातं, म्हणून मराठीसाठी ओळखण्याची पद्धत बदलून फोनेटिक (शब्द न शोधता नुसत्या ध्वनींवरून) करा, इतके लोक ही एक गोष्ट न करता ते सोडून देतात की काय सांगू. नंतर हाताने फक्त प, ब, भ, म तपासा. आंबा, मामा, बापू म्हणताना ओठ मिटले नाहीत तर लहान मूलही ओळखतं, बाकी थोडं मागेपुढे झालं तरी खपतं. आणि मिटलेलं तोंड आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी आणा, अगदी बरोबरीनं ठेवलं तर उशिरा आल्यासारखं वाटतं. अ‍ॅडोबीचं कॅरेक्टर अ‍ॅनिमेटर वेबकॅमसमोर तुम्ही बोलाल तसं पात्राला बोलतं करतं, रोज व्हिडिओ टाकणाऱ्याला सोयीचंय, पण सगळ्या सोयी हव्या असतील तर सबस्क्रिप्शन भरावं लागतं.

प्रश्न : नागपूरला राहतो, बारावी झाली. एक क्लासवाले सहा महिन्यांत अ‍ॅनिमेशन आणि एआर दोन्ही शिकवतो म्हणतात, फी दीड लाख. घरचे कर्ज काढायला तयार आहेत.

थांब जरा. कर्ज नको, निदान आत्ता नको. आधी वीस दिवस स्वतःला दे. पहिले दहा दिवस ब्लेंडरमध्ये एक चेंडू उसळव आणि मग एक माणूस चालव, फक्त चालव, बाकी काही नाही. पुढचे दहा दिवस युनिटीत एआर फाउंडेशन हे एआरचं पॅकेज घेऊन जमिनीवर एक ठोकळा ठेव, फोनवर लगेच नाही गेलं तरी चालेल, त्यात कॉम्प्युटरवरच नकली खोलीत तपासायची सोय आहे. दोन्ही शिकायला फुकट मिळतात. मग बघ रात्री जेवण विसरून कशात बसला होतास. चालणाऱ्या माणसाचं वजन कुठल्या पायावर आहे हे परत परत बघताना कंटाळा आला नसेल तर तू अ‍ॅनिमेशनचा, आणि सी शार्पमधली (युनिटीत कोड लिहायची भाषा) चूक शोधताना मजा आली असेल तर तू एआरचा. दोन्ही जमणारी माणसं असतात पण ती सहा महिन्यांत तयार झालेली मी बघितली नाहीत. क्लासला जायचंच असेल तर जुन्या विद्यार्थ्यांनी स्वतः केलेलं काम दाखवा म्हण, तयार पात्रावर तयार चाल बसवलेलं नको. मिक्सामो ह्या वेबसाइटवर माणसासारखं पात्र टाकलं की हाडं काही मिनिटांत बसतात आणि चालही फुकट मिळते, त्यासाठी दीड लाख कशाला?

प्रश्न : मंडळाच्या देखाव्यात यंदा एआर करायचंय, पोस्टरवर फोन धरला की मावळा बोलू लागेल. कसं करू?

दादा, मांडवातल्या रांगेत नको. मागची माणसं ढकलत असतात, गर्दीत नेटवर्क बसतं, तिथे कोण उभं राहून फाइल उतरवणार. आत मावळा पडद्यावरच बोलू दे, साधं अ‍ॅनिमेशन, आवाज स्पष्ट. एआरचं पोस्टर बाहेर पडायच्या वाटेवर लावा जिथे माणूस दोन मिनिटं थांबू शकतो. एआरकोअर वापरणार असाल तर चित्र निदान 15 बाय 15 सेंटीमीटर आणि सपाट हवं, आणि गुगलच्या तपासणी साधनात 100 पैकी निदान 75 गुण मिळाले तरच छापायला द्या, मोकळं आभाळ किंवा तीच नक्षी परत परत असली की गुण पडतात. लॅमिनेशन चकचकीत करू नका. मागे एका प्रदर्शनात आमचं पोस्टर दुपारी झकास चाललं आणि संध्याकाळी ट्यूबलाइट लागल्यावर तिची पांढरी रेघ बरोबर चित्राच्या मध्यावर आली, एकाही फोनला काही दिसेना, शेवटी पोस्टर भिंतीवरून काढून मी ते तिरकं हातात धरून उभी राहिले रात्री नऊपर्यंत. मॅट कागद घ्या आणि रात्री, सगळे दिवे लावून, तीन-चार वेगवेगळ्या स्वस्त फोनवर तपासा.