घरच्या स्विमिंग पूलला कुंपण घालणे ठाण्यात सक्तीचे आहे का?

घोडबंदर रोडवरील बंगल्यात लहान पूल बांधताना कुंपण कायद्याने लागते का आणि किती उंचीचे, असे आपण विचारले आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये 1992 चा आहे तसा, घरगुती पूलसाठीचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. बांधकामाच्या परवानगीचे आपले आर्किटेक्ट पाहतील. मात्र सक्ती नाही म्हणून कुंपण नको, असा अर्थ कृपया काढू नका.

माझ्या थोरल्या दिरांनी ठाण्यातच पूल बांधला, तेव्हा मी कुंपणाचा आग्रह धरला होता. ‘शोभेच्या जागेभोवती पिंजरा कशाला, मुलांवर लक्ष ठेवले की झाले,’ असे भाऊजींचे म्हणणे. शेवटी माझ्या समाधानासाठी त्यांनी कमरेइतके, आडव्या पट्ट्यांचे नक्षीदार ग्रिल बसवले, म्हणजे चढायला आयती शिडीच. आणि चहाचे ट्रे नेताना अडचण होते म्हणून त्याचे फाटक सुतळीने बांधून कायम उघडे ठेवलेले असे. पुतणीच्या धाकट्याचे बारसे त्या घरी झाले. घर पाहुण्यांनी भरलेले होते आणि तिची तीन वर्षांची थोरली मुलगी दुसऱ्या कोणाजवळ तरी असेल, असे प्रत्येकाला वाटत होते. ना ओरडणे ऐकू आले, ना पाण्याचा आवाज. माळ्याला पाण्यावर पिवळा फ्रॉक दिसला, त्याने उडी घेतली, म्हणून मुलगी वाचली. त्यानंतर भाऊजींनी सर्वांसमक्ष दोष दिला तो ओल्या बाळंतिणीला, की आईचे लक्ष नव्हते. हा अन्याय मला आजही मान्य नाही. माणसाचे लक्ष कधी ना कधी चुकतेच, आणि कुंपण त्या क्षणासाठीच असते.

उंचीबाबत न्यू साउथ वेल्सचा नियम खुशाल उचला: किमान 1.2 मीटर उंची, उभ्या गजांमध्ये 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नाही, आणि फाटक पूलच्या विरुद्ध दिशेला उघडणारे, आपोआप मिटणारे व आपोआप कडी लागणारे. कुंपणालगत कुंडी किंवा खुर्ची ठेवू नका. दिवाणखान्याचे दार थेट पूलकडे उघडत असेल, तर घराच्या बाजूनेही कुंपण घ्या. केवळ तीन बाजूंच्या कुंपणाला अर्थ नाही. न्यू साउथ वेल्समध्ये 30 सेंटिमीटरहून खोल पाणी मावणाऱ्या, हवा भरायच्या पूललाही हाच नियम आहे, हे गच्चीवर असा पूल मांडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

अर्थात कुंपण असले तरी मुले पाण्यात असताना एक मोठे माणूस हातातला फोन बाजूला ठेवून काठावर हवेच, आणि घरातील दोघांनी तरी सीपीआर, म्हणजे श्वास थांबलेल्याला छाती दाबून व तोंडाने श्वास देऊन करायचा प्रथमोपचार, शिकून घ्यावा. शिवाय खाडीच्या दमट हवेत फाटकाची स्प्रिंग गंजते आणि ते अर्धवटच मिटते, तेव्हा बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या आणि पावसाळा संपला की फाटक स्वतः उघडून, सोडून पाहा.