तुमचं विचारणं : काच का तडकते, वात का भडकते

दिवाळी अंकात अंगणातल्या दिव्यांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, की पणत्या वाऱ्याने विझत असतील तर धातू-काचेच्या कंदिलात मेणबत्ती लावून बघा. एवढ्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या महिन्याचं सगळं सदर त्यालाच देतेय. निम्म्या पत्रांत एकच तक्रार आहे, काच काळी झाली नाहीतर तडकली, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

प्रश्न (पुणे) : ताई, ऑनलाइन काळ्या पत्र्याचा कंदील मागवला, फूटभर उंच, चारी बाजूंना काच. आत तीन वातींची जाड मेणबत्ती ठेवली. तासाभरात काच वरून काळी झाली आणि दुसऱ्या दिवशी एक काच उभी तडकली. माल खराब आला का?

माल खराब असेलही, पण परत पाठवायच्या आधी एक बघा. कंदील पूर्ण थंड होऊ द्या, रिकामा करा आणि उलटा धरून तळाला भोकं आहेत का ते बघा, मग टोपीखाली फटी आहेत का बघा. ज्योतीला वरून गरम हवा बाहेर जायला वाट लागते आणि खालून गार हवा आत यायला वाट लागते, या दोनपैकी एक जरी बंद झाली तरी ती घुसमटते. आणि आपण काय करतो, कंदील छान दिसावा म्हणून तळाला रंगीत खडे, वाळू, नाहीतर स्टीलची ताटली ठेवतो आणि तीच भोकं बुजवतो.

घुसमटलेली ज्योत ओळखायला सोपी आहे. नीट हवा मिळतेय अशी ज्योत करंगळीच्या पेरापेक्षा थोडी मोठी, टोकदार आणि शांत असते. हवा कमी पडली की ती लांब व्हायला लागते, टोक तांबूस होतं, थरथरतं, आणि त्या टोकातून केसासारखी काळी रेघ वर जाताना दिसते. ती रेघ म्हणजे न जळलेला कार्बन, तोच तुमच्या काचेवर काजळी होऊन बसतो. वात फार लांब असली किंवा वर पंखा फिरत असला तरी हेच होतं. म्हणून दर वेळी लावायच्या आधी वात कात्रीने कापायची, तांदळाच्या लांब दाण्याएवढी, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर ठेवायची. आणि कंदील सिलिंग फॅनखाली ठेवायचा नाही.

आता तडकण्याचं. एक साधी मेणबत्ती जळताना साधारण ८० वॅट उष्णता देते, उजेड मात्र फक्त १२ ल्युमेनच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सगळी ऊबच. तुमच्या तीन वाती म्हणजे फूटभराच्या डब्यात अडीचशे वॅटची छोटी शेगडी झाली. साध्या काचेतून उष्णता पटकन पसरत नाही, ज्योतीसमोरचा भाग तापून फुगतो, पट्टीत अडकलेली कड गारच राहते आणि त्या ओढाताणीत ती तडकते, एकाच काचेत ४०-५० अंशांचा फरक पडला तरी पुरे होतो. आपल्या स्वयंपाकघरात बोरोसिलची भांडी असतात ना, ती बोरोसिलिकेट काच तापल्यावर साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच फुगते म्हणून तग धरते. पण सजावटीच्या कंदिलात ती सहसा नसते.

तेव्हा एकाच वातीची मेणबत्ती घ्या, कंदिलाच्या बरोबर मध्ये ठेवा आणि प्रत्येक काचेपासून निदान दोन बोटं अंतर राहू द्या. तडकलेली काच फोटोफ्रेमवाल्याकडून कापून मिळेल, त्याला मोजमाप देताना थोडं कमीच द्या, बसवल्यावर टिचकी मारली की काच पट्टीत खुळखुळ हलली पाहिजे. घट्ट ठोकून बसवलेली काच तापली की जाणारच.

प्रश्न (कराड) : घर आवरताना माळ्यावर आजोबांचा प्रभाकर कंदील मिळाला. काच शाबूत आहे. रॉकेल आता कुठून आणणार, म्हणून त्यात मेणबत्ती लावून ओसरीवर टांगावा म्हणतोय. जमेल का?

दादा, तुमचं पत्र वाचून खरंच आनंद झाला. हा कंदील तुमच्या गावाशेजारचाच, ओगलेवाडीच्या काच कारखान्यातला. तळेगावला १९०८ साली लोकांकडून पैसा पैसा गोळा करून पैसाफंडाचा काच कारखाना निघाला. स्वदेशीच्या त्याच लाटेत पुढे ओगले मंडळींनी औंध संस्थानच्या हद्दीत आपला कारखाना उभा केला आणि तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघरी पोचला. बैलगाडीखाली टांगलेला, गोठ्यात म्हशीच्या धारा काढताना शेजारी ठेवलेला कंदील ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

पण त्यात मेणबत्ती लावू नका. त्याच्या दोन्ही बाजूंना वाकवलेल्या पत्र्याच्या नळ्या आहेत बघा, त्या नुसत्या धरायला नाहीत. वरून हवा त्या नळ्यांतून खाली येते आणि थेट वातीला मिळते, त्यामुळे बाहेर वाऱ्याचा झोत आला तरी आत हवेचा दाब सगळीकडून सारखाच बदलतो आणि ज्योत विझत नाही. सगळी करामत तेलाच्या बर्नरची जागा, काचेचा फुगीर आकार आणि त्या नळ्या या तिघांच्या मेळात आहे. मेणबत्ती ठेवायची तर बर्नर काढावा लागेल, मग ज्योतीची जागा चुकणार, मेण ओघळून भोकं बुजणार आणि काच एका बाजूने तापणार. ती काच गेली तर तशीच दुसरी मिळणं कठीण.

मी तुमच्या जागी असते तर टाकीतलं जुनं तेल काढून ती कोरडी केली असती, वात तशीच ठेवली असती आणि बर्नरच्या कडेला सेलवरचा पिवळसर छोटा एलईडी दिवा बसवला असता. पत्र्यावर नवा रंग देऊ नका. काच सुकी राख आणि मऊ फडक्याने पुसा, आमच्या घरी रोज संध्याकाळी काच पुसायचं काम मुलांकडे असायचं, कारण मोठ्यांचा हात आत जात नसे.

प्रश्न (वसई) : नाताळात आम्ही ओटीवर आजोबांचा पितळी कंदील लावतो. या वर्षी तो पार हिरवट-काळा झालाय. मुलगा म्हणतो मशीनवर पॉलिश करून आणू, मी म्हणते चिंचेने घासू. दोघांत कोणाचं ऐकायचं?

अर्धं तुमचं ऐका. पितळेत तांबं असतं, समुद्रावरच्या खाऱ्या दमट हवेत त्याला हिरवा कळंक चढतो, चिंचेच्या आंबटाने तो सुटतो हे अगदी बरोबर. पण कंदील म्हणजे तांब्या नव्हे. त्याला सांधे असतात, जाळी असते, बिजागरी असते, चिंचेचा कोळ त्या फटींत राहिला की आतून खातच राहतो आणि महिन्याभरात तिथूनच पुन्हा हिरवं फुटतं. म्हणून आधी काचा निघत असतील तर काढा, कोमट साबणाच्या पाण्याने जुन्या टूथब्रशने धुवा, मग सपाट भागावरच चिंच दोन-तीन मिनिटं फिरवा, भरपूर पाण्याने धुवा, कोरड्या फडक्याने लगेच पुसा आणि तासभर उन्हात उलटा ठेवा. बिजागरीत खोबरेल तेलाचा एक थेंब पुरे.

मशीनवर मात्र देऊ नका हो. बफिंगने पितळेचा थर घासला जातो, कोरीव कामाच्या कडा बोथट होतात, आणि आजोबांच्या हाताने वर्षानुवर्षं उचलून जी कडी गुळगुळीत झालीय ती आणि नवी कडी यांत फरकच उरत नाही.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. असे बरेच जुने कंदील कथिल-शिशाच्या झाळेने जोडलेले असतात आणि ती झाळ १८३ अंशांनाच वितळायला लागते. आत मोठी मेणबत्ती ठेवली आणि ज्योत टोपीच्या जवळ आली तर टोपी सुटून येऊ शकते. बुटकी मेणबत्ती लावा, ज्योतीपासून टोपीपर्यंत वीतभर तरी जागा राहू दे. काचेत बुडबुडे किंवा लाटा दिसत असतील तर ती जुनी काच आहे, सपाट नवीन काच बसवायचा मोह टाळा.

प्रश्न (न्यू जर्सी) : इथे लाकडी पोर्च आहे. डिसेंबरात बाहेर ठेवलेल्या कंदिलात मेणबत्ती लावली आणि दहा मिनिटांत काच फुटली. वारा तर नव्हताच.

बाहेर शून्याखाली आणि आत ज्योत, काचेला तेवढा फरक झेपला नाही. कंदील आधी घरात आणून तासभर ठेवा, आतच लहान मेणबत्ती लावा, थोडा कोमट झाला की बाहेर न्या. टोपी तापलेली असेल म्हणून कडीला हातमोज्याने धरा. आणि लाकडावर थेट ठेवू नका, खाली फरशीचा तुकडा किंवा दगडी टाइल हवीच, कारण तळाचा पत्राही बऱ्यापैकी तापतो. बर्फ साठेल अशा जागी मात्र एलईडीच बरा.

प्रश्न (ठाणे) : घरात दोन वर्षांची मुलगी आहे, म्हणून कंदिलात एलईडी मेणबत्त्या ठेवल्यात. आता काळजीचं कारण नाही ना?

आगीचं नाही, पण त्या मेणबत्तीच्या बुडाशी काय आहे ते आजच बघा. बऱ्याच स्वस्त मेणबत्त्यांत बटणासारखा गोल चपटा सेल असतो आणि झाकण नखाने उघडतं. तो सेल मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. ज्याचं झाकण स्क्रूने बंद होतं तीच वापरा, नाहीतर पेन्सिल सेलवाली घ्या. आणि गिळल्याची नुसती शंका जरी आली तरी उलटी करवू नका, वाट बघत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

खरी मेणबत्ती लावायचीच असेल तर मुलगी झोपल्यावर लावा आणि कंदील टेबलक्लॉथवर अजिबात ठेवू नका, मुलं चालायला लागली की हाताला लागेल ते ओढतात. माझ्या भाचीने असाच कंदील पाडला होता, सुदैवाने मेणबत्ती नुकतीच विझवली होती, पण वितळलेलं मेण तिच्या पायावर सांडलं आणि त्याची खूण अजून आहे.

प्रश्न (सावंतवाडी) : सिट्रोनेलाच्या मेणबत्तीने पडवीतले डास जातात का?

वास छान येतो, पण उघड्या पडवीत तो वाऱ्यावर निघून जातो आणि डास पायाशी असतातच, तिच्या भरवशावर बसू नका. त्यापेक्षा पायांच्या उंचीवर टेबलफॅन लावा, डास उडण्यात कच्चे असतात, वाऱ्यात टिकत नाहीत. फक्त मग कंदील पडवीच्या दुसऱ्या टोकाला न्या.

प्रश्न (चिपळूण) : लोखंडी कंदील दोन पावसाळ्यांत गंजून पापुद्रे निघायला लागले. वाचवता येईल?

पत्र्याला आरपार भोक पडलं नसेल तर नक्की. पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, कोपऱ्यांत तारेचा ब्रश लावा, कोरडं करा. रंगवायला गाडीच्या सायलेन्सरला लावतात तो उष्णता सोसणारा काळा रंग घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, साधा ऑइल पेंट तापला की फुगतो आणि वास मारतो. रंग वाळल्यावर पहिल्यांदा अंगणातच लावून बघा. आणि मृगाच्या आधी कंदील खाली उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाका, दसऱ्याला काढा. कोकणातल्या पावसात लोखंड बाहेर टांगून ठेवायचं नसतं.

प्रश्न (मालवण) : बाळा, मी सत्तरीची आहे. खळ्यात तुळशीपुढे दिवा लावते, पण वाऱ्यावर दोन मिनिटं टिकत नाही. सून म्हणते काचेचा कंदील आणू. त्यात मेणबत्तीच लावायची का? मला तेलाचाच दिवा हवा.

आजी, तेलाचाच लावा, काही अडचण नाही. फक्त कंदील घेताना सुनेला सांगा की उंची फूटभर हवी, दार मोठं हवं म्हणजे तुमचा हात पणतीसकट सहज आत जाईल, आणि घ्यायचा तर पितळेचा नाहीतर स्टीलचा, तुमच्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकणार नाही. पणती रुंद बुडाची घ्या. तेल काठापासून बोटभर खाली ठेवा, काठोकाठ भरलं की ते वातीवरून बाहेर झिरपतं, कंदिलाच्या तळात साठतं आणि तेच पेटायची भीती असते. वात काठाबाहेर थोडीशीच काढा, जास्त बाहेर आली की काजळी धरेल.

वृंदावनापुढे ठेवताना दाराची बाजू वाऱ्याच्या उलट करा. मालवणात दुपारनंतर वारा समुद्रावरून येतो, म्हणजे दार समुद्राच्या उलट बाजूला. कंदील हलका असेल तर तळाच्या कडेला एक सपाट चिरा ठेवा, पण भोकं मोकळी राहू देत. आणि दिवा लावल्यावर दार लगेच बंद करू नका, ज्योत स्थिर होईपर्यंत हाताचा आडोसा धरा, मग हळूच कडी लावा.