गाडीवर जाऊ की घरी थांबू?

मार्च 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची महासाथ जाहीर केली आणि जगभर लोकांना घरात बसायला सांगितलं गेलं. ट्रकचालकांना मात्र त्याच तोंडाने सांगितलं, तुम्ही थांबू नका. औषधं, धान्य, ऑक्सिजन पोहोचवायचं कुणी? मी समुपदेशक आहे, आणि त्या काळात चालकांकडून माझ्याकडे एकच प्रश्न फिरून फिरून आला. गाडीवर गेलो नाही तर घर चालायचं कसं, आणि गेलो अन् आजार घरी घेऊन आलो तर?

त्यातल्या एकांची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय पन्नाशीचं, ट्रक स्वतःचा, त्यावर कर्ज. घरी बायको, मुलं आणि दम्याचा त्रास असलेली म्हातारी आई. फोन करायचे तो गाडी बाजूला लावून, केबिनमधूनच. घरातून बोलता येत नाही म्हणाले, आणि तेव्हाच मला जरा अंदाज आला.

"मॅडम, बाकी काही नको. जाऊ की नको तेवढं सांगा."

मी सांगितलं नाही. हा प्रश्न त्यांनी आधीच भाऊ, मित्र, इतर चालक अशा बऱ्याच जणांना विचारला होता आणि मिळालेलं प्रत्येक उत्तर जेमतेम संध्याकाळपर्यंत टिकलं होतं. माझंही तेवढंच टिकलं असतं. मी विचारलं, "भीती नेमकी कधी दाटून येते?"

"परत आल्यावर. आईच्या खोलीच्या दारात."

स्वतःला काही होईल याची त्यांना फारशी फिकीर नव्हती. आपल्यामुळे होईल, ही धास्ती होती. मग घरी थांबलेले दिवस कसे जातात ते विचारलं. ते काही सुखाचे नव्हते. रात्रभर हप्त्यांचा हिशेब, दिवसा मुलांवर चिडचिड, मालाचा फोन आला की छातीत धडधड. म्हणजे दोन्हीकडे काळजी होतीच, आणि हे गृहस्थ काळजी नसलेला तिसरा रस्ता शोधत होते. तो नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही.

पुढच्या वेळी आम्ही एक अख्खी खेप कागदावर मांडली. माल भरण्यापासून घरी येईपर्यंत कोण कुठे भेटतं, किती जवळ, किती वेळ. मांडता मांडता त्यांनाच दिसलं की गाडी चालवताना ते बहुतेक वेळ एकटेच असतात. धोका होता तो माल उतरवायच्या ठिकाणच्या खिडक्या बंद असलेल्या ऑफिसात. कागदांवर सही होईपर्यंत तिथे तास-तासभर बसणं, आणि तेही मास्क हनुवटीवर ओढून, कारण "तिथे सगळे ओळखीचेच असतात." इकडे स्टिअरिंग, दाराची कडी आणि चिल्लर सॅनिटायझरने पुसून पुसून त्यांच्या हातांची सालं निघाली होती. हा विषाणू पसरतो मुख्यतः श्वासातून, कोंदट जागेतल्या हवेतून. वस्तूंना हात लागून पसरण्याचा धोका त्या मानाने खूपच कमी. पण पुसणं आपल्या हातात असतं, आणि ओळखीच्या माणसाला "मी बाहेर थांबतो" म्हणणं जड जातं. घाबरलेलं मन सोपं काम आधी उरकतं. हे मी चालकांपुरतं म्हणत नाही.

खरी गाठ घरात होती. त्यांना वाटायचं, बायकोची इच्छा आपण जाऊ नये अशी आहे. ती गप्प राहायची, कारण "जाऊ नका" म्हटलं की हप्त्याचं काय हा प्रश्न येणार, आणि "जा" म्हणायला जीभ रेटत नव्हती. मी फोन स्पीकरवर ठेवून सगळ्यांना एकत्र बसवलं. आई भडकल्याच. "जीव माझा, आणि ठरवताय तुम्ही दोघं दाराआड?" त्यांना मुलाने जायला हवं होतं. अट एवढीच होती की आल्यावर त्याने चोरासारखं तोंड लपवू नये. वेगळ्या खोलीत राहावं, पण खिडकीतून रोज बोलावं.

मग अटी ठरल्या. संसर्ग झाल्यावर लक्षणं दिसायला बहुधा पाचेक दिवस, कधी चौदा दिवसही लागायचे, आणि लक्षणांच्या एक-दोन दिवस आधीपासूनच तो माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकायचा. त्यामुळे "मला बरं वाटतंय" या भरवशावर आईजवळ जाणं बाद. रोजच्या छोट्या फेऱ्यांऐवजी लांबची, पण मोजकी भाडी घ्यायची म्हणजे मध्ये वेगळं राहायला दिवस मिळतील. पैसे कमी मिळणार होते, म्हणून हप्ता पुढे ढकलता येतो का हे विचारायचं काम बायकोने घेतलं. आईचा दमा उसळला तर खेप रद्द.

एक अट मी घालायला लावली, झोप झाली नसेल तर गाडी सुरू करायची नाही. अमेरिकेत त्या मार्चमध्ये मदतीचा माल वाहणाऱ्यांसाठी चालकांच्या कामाच्या तासांची मर्यादा सैल केली होती. सगळीकडेच घाई होती. पण काळजीने रात्र जागलेला माणूस चाकामागे बसला, तर त्या रस्त्यावर विषाणूची वाट पाहायची गरज उरत नाही.

"एवढं करूनही झालं तर?" त्यांनी विचारलं. होणार नाही, असं मी म्हटलं नाही. "बायको कामावरून आजार घेऊन आली असती तर तिला काय म्हणाला असता?" बराच वेळ शांतता. "तिची काय चूक," म्हणाले. स्वतःच्या बाबतीत ते लगेच पटलं असा माझा दावा नाही. त्यावर आम्ही पुढेही बोलत राहिलो.

शेजाऱ्यांनी दारं लावून घेतल्याचा सल वेगळाच होता. मालाबा इथे केनिया आणि युगांडाच्या सीमेवर 2020 मध्ये चाचणीसाठी ट्रकांच्या मैलोनमैल रांगा लागल्या होत्या आणि आजार आणणारे म्हणून लोक चालकांकडेच बोट दाखवत होते. त्या डिसेंबरात फ्रान्सने ब्रिटनकडून येणारी वाहतूक अडवली, तेव्हा इंग्लंडमधल्या केंटमध्ये हजारो चालकांचा नाताळ केबिनमध्ये गेला. हे ऐकून ते म्हणाले, "म्हणजे सगळीकडे आमचंच खातात आणि आम्हालाच लांब ठेवतात." राग होता, पण निदान स्वतःवरचा थोडा कमी झाला होता.

ते जात राहिले. त्याच सुमारास आलेले दुसरे एक चालक घरी थांबले. त्यांना स्वतःलाच मधुमेह आणि हृदयविकार होता, डोक्यावर कर्ज नव्हतं आणि भावाने काही महिने घर चालवायची तयारी दाखवली होती. थांबल्याची त्यांना लाज वाटत होती, पळपुटेपणा वाटत होता. त्यांच्याबरोबरचं माझं काम त्या लाजेवरच झालं. अशा वेळी स्वतःच्या आजारामुळे धोका किती वाढतो हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं, समुपदेशकाला नव्हे. आणि रात्र रात्र झोप लागत नसेल, चालवताना छाती दाटून हातपाय कापत असतील, किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर "जाऊ की थांबू" हे बाजूला ठेवून आधी त्यासाठी मदत घ्या. त्या अवस्थेत गाडी हातात घेऊ नका.