शिकलेले चिनी लोकही ४ टाळतात आणि ८ साठी पैसे मोजतात, ही निव्वळ अंधश्रद्धा नव्हे काय?

उच्चारसाम्याची गोष्ट आपणास ठाऊक असेलच: चारचा उच्चार ‘मृत्यू’च्या जवळ जातो, आठचा ‘भरभराटी’च्या. मात्र आपल्या प्रश्नातला ‘अंधश्रद्धा’ हा शब्द मी याच विषयावर एका मराठी माणसाच्या तोंडून ऐकला आहे आणि तो वाद अजून मिटलेला नाही, म्हणून लिहितो.

हाँगकाँगला नोकरीत असताना एका स्थानिक सहकाऱ्याच्या लग्नाला आम्ही कचेरीतले सगळे गेलो होतो. सभागृहाच्या दारात वधूवरांकडची मंडळी टेबल मांडून आहेराची लाल पाकिटे घेत होती. पुण्याहून आलेल्या आमच्या साहेबांनी पाकिटात पाचशेची नोट आणि शकुनाचे म्हणून वर एक डॉलरचे नाणे घातले होते. मी त्यांना बाजूला घेऊन नाणे काढायला सांगितले, कारण तिथे लग्नाचा आहेर सम रकमेचा असतो आणि शेकड्यावर एक चढवतात तो अंत्यविधीच्या पांढऱ्या पाकिटात. ५०१ ही तर तिथे दुःखाच्या घरी सर्रास दिली जाणारी रक्कम आहे. (त्या प्रसंगी येणाऱ्यांनाही एक लहान पाकीट देतात, त्यात एक गोड गोळी, कागदी रुमाल आणि डॉलरचे नाणे असते. गोळी खाऊन आणि नाणे खर्चूनच घरी परतायचे.) साहेब म्हणाले, “मी असल्या अंधश्रद्धा मानत नाही.” मी विचारले, “मग वरचा एक कशासाठी घातलात?” नाणे निघाले, पण तेव्हापासून चारचौघांत ते माझी ओळख ‘आमचे चिनी भटजी’ अशी करून देतात.

माझे मत स्पष्ट आहे. आहेर घेणाऱ्याच्या रीतीने द्यावा, आणि आपला वरचा रुपया ज्याला संस्कृती वाटतो त्याने दुसऱ्याच्या आठाला अंधश्रद्धा म्हणू नये. बरे, हे अडाण्यांचे खूळ म्हणावे, तर धर्म न मानणाऱ्या पक्षाच्या राजवटीत पेइचिंग ऑलिंपिकचे उद्घाटन ८ ऑगस्ट २००८ रोजी रात्री ८ वाजता झाले. सिचुआन एअरलाइन्सने २००३ साली आठ वेळा आठ असलेला दूरध्वनी क्रमांक २३.३ लाख युआन मोजून घेतला, तो गिऱ्हाईक ओळखूनच; यात मला श्रद्धेपेक्षा व्यापार अधिक दिसतो.

आपणास कधी तिथल्या लग्नाला जायचे असेल, तर ८०० खुशाल द्या, ४०० देऊ नका, आणि सोबतचे वरिष्ठ पाकिटात काय घालतात तेही पाहून ठेवा.

अर्थात पाकिटांचे हे नियम मी हाँगकाँगच्या रिवाजावरून सांगितले आहेत. ते साऱ्या चीनला सरसकट लावू नयेत. शिवाय ९ हा विषम असूनही बादशहाचा आकडा. पेइचिंगच्या जुन्या राजवाड्यात मुख्य दरवाजांच्या प्रत्येक फळीवर नऊ रांगांत नऊ-नऊ सोनेरी गोल खिळे ठोकलेले आहेत, त्यामुळे ‘सम तेवढे शुभ’ हा नियम तिथे दारातच मोडतो.