कमी बजेटमध्ये बनलेला, फारसा कुणी न पाहिलेला फिल्म न्वार (चाळीस-पन्नासच्या दशकांतले काळोखे अमेरिकी गुन्हेपट) सुचवाल का? आणि त्यात खास काय?

गाजलेले न्वार तुमचे पाहून झालेत असं धरतो आणि थेट सांगतो: 'मर्डर बाय कॉन्ट्रॅक्ट', १९५८. दिग्दर्शक अर्व्हिंग लर्नर, नायक व्हिन्स एडवर्ड्स, लांबी जेमतेम ८१ मिनिटं.

क्लॉड नावाच्या तरुणाला ओहायो नदीच्या काठी घर घ्यायचंय. पगारातून ते व्हायला उभा जन्म जाईल, म्हणून तो सुपाऱ्या घ्यायला लागतो. एवढंच कारण. लहानपणी झालेला अन्याय नाही, प्रेमभंग नाही, सूड नाही. (गृहकर्जाचे हप्ते भरणाऱ्यांनी मनाला लावून घेऊ नये.) पिस्तूल तो बाळगत नाही, कारण ते सापडलं तर अडकायला होतं. पोलिसांत नोंद नाही, कपडे नीटनेटके, बोलणं मोजकं. एखाद्या बँकेनं डोळे झाकून नोकरीला घ्यावा असा माणूस.

कोलंबिया स्टुडिओसाठी हा सिनेमा साधारण आठवड्याभरात उरकला होता, आणि पैसे नव्हते हे लपत नाही. खोल्या ओक्याबोक्या, माणसं मोजकी, खून बहुतेक चौकटीबाहेर. न्हाव्याच्या दुकानात क्लॉड वस्तरा घेऊन गिऱ्हाइकामागे उभा राहतो आणि बाकीचं आपण समजून घ्यायचं. पण मला वाटतं, इथे पैसा असता तर सिनेमा बिघडला असता. काटकसर हाच नायकाचा स्वभाव आहे आणि सिनेमाही त्याच्यासारखाच वागतो, एक शॉट जास्तीचा खर्च करत नाही. संगीत म्हणजे पेरी बॉटकिनची गिटार, बाकी जवळपास काही नाही. कॅमेरा ल्युसियन बॅलार्डचा, ज्यानं पुढे 'द वाइल्ड बंच' हा गाजलेला वेस्टर्न चित्रित केला. न्वार म्हटलं की रात्र, पाऊस, ओले रस्ते. इथे मात्र लॉस एंजेलिसचं लख्ख ऊन आहे. तेच जास्त अंगावर येतं.

आता एडवर्ड्सबद्दल, कारण या सिनेमाचे चाहते शेवटी त्याच्यावरच येऊन थांबतात. हा ब्रुकलिनचा, कॉलेजात पट्टीचा पोहणारा. शरीरावरचा तो ताबा त्यानं भूमिकेत पुरेपूर वापरलाय. सुरुवातीला क्लॉड कामाच्या फोनची वाट पाहत खोलीत नुसता व्यायाम करत राहतो. संवाद नाहीत, घटना नाही, तरी नजर हलत नाही. मार्टिन स्कॉर्सेसीनं या सिनेमाचं ऋण मोकळेपणानं मान्य केलंय; त्याच्या 'टॅक्सी ड्रायव्हर'मधला खोलीत व्यायाम करणारा ट्रॅव्हिस पाहा, ओळख लगेच पटेल. पुढे स्कॉर्सेसीच्याच 'न्यूयॉर्क, न्यूयॉर्क'च्या संकलनावर काम करत असतानाच लर्नर वारला आणि तो सिनेमा त्याला अर्पण केला गेला.

लॉस एंजेलिसला एका खुनासाठी पाठवलेल्या क्लॉडवर लक्ष ठेवायला दोघे जण दिलेले असतात, मार्क आणि जॉर्ज. या तिघांत खरी गंमत आहे. क्लॉडला कामाची घाई नाही. आधी समुद्र बघू, मासे धरू, गोल्फचे चेंडू मारू. मार्क घामाघूम होतो आणि जॉर्ज हळूहळू क्लॉडचा भक्त होऊन बसतो. हर्शेल बर्नार्डीनं जॉर्ज इतका गोड केलाय की आपण एका खुन्याच्या गाडीत बसून सहलीला निघालोय, हे काही वेळ विसरायला होतं.

इथून पुढे कथानक फुटतंय, सिनेमा पाहायचा असेल तर हा परिच्छेद सोडा. जिला मारायचं ती साक्षीदार बाई आहे, हे कळताच क्लॉडचा तोल जातो. बायकांचा भरवसा नाही म्हणत तो दुप्पट पैसे मागतो. मग त्याच्या एकेक शिस्तबद्ध योजना फसतात. टीव्हीत विजेचा जबर दाब सोडला, तर तिनं तो रिमोटनं लावला! शेवटी तिच्या घरात शिरतो तेव्हा ती पियानो वाजवत असते. टाय हातात ताणलेला आहे, ती समोर आहे, आणि हात पुढे जात नाहीत. एडवर्ड्स तिथे चेहऱ्यानं जवळपास काहीच करत नाही. एवढा वेळ घड्याळासारखं चाललेलं शरीर नुसतं थांबतं. याला पश्चात्ताप म्हणणारे आहेत, मला तो पश्चात्ताप वाटत नाही. हिशेबात न बसणारं काहीतरी समोर आलं आणि त्याच्याकडे त्यासाठी रकानाच नव्हता.

उणिवा आहेत. क्लॉडच्या तोंडची तत्त्वज्ञानाची वाक्यं मधूनमधून पाठ केल्यासारखी वाटतात, आणि त्या साक्षीदार बाईला घाबरण्या-चिडण्यापलीकडे फार काही दिलेलं नाही.

एडवर्ड्स १९६१ पासून 'बेन केसी' या मालिकेतला डॉक्टर म्हणून अमेरिकेत घराघरांत पोचला आणि हा क्लॉड मागे पडला. तो आवडला तर लर्नर, बॅलार्ड आणि एडवर्ड्स या तिघांचाच 'सिटी ऑफ फिअर' (१९५९) पाहा. तुरुंगातून पळालेला कैदी हेरॉइन समजून किरणोत्सारी कोबाल्टचा डबा शहरभर घेऊन फिरतो. कल्पना जबरदस्त, सिनेमा पहिल्याइतका घट्ट नाही. पण एडवर्ड्ससाठी बघाच.